‘आपणच आपली बँक व्हा’: एका घोषणेला इतिहासाचे काही प्रश्न

१/
१३ जून २०११. बिटकॉइनच्या आरंभकाळातील एका गृहस्थाने टोपणनावाने जगाला कळवले, की आपल्या ताब्यातील २५,००० बिटकॉइन कोणीतरी परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळते केले आहेत. त्या दिवसांच्या भावाने ती रक्कम जवळजवळ पाच लाख डॉलर होती. घराचे दार कोणी फोडले नव्हते, संगणकही जागच्या जागी होता. त्याचा कयास असा, की त्या विंडोज संगणकात शिरलेल्या एखाद्या आज्ञावलीने एका फाईलची प्रत बाहेर नेली. त्या एका फाईलमध्ये त्याची खासगी चावी होती, आणि चावी म्हणजेच नाणी.

२/
त्याच आठवड्यात सिमँटेक या सुरक्षाकंपनीने एक नवी आज्ञावली सापडल्याचे जाहीर केले. तिचे काम अगदी साधे होते. संगणकात बिटकॉइनची ती फाईल शोधायची आणि ईमेलने चोराकडे पाठवायची. बिटकॉइनचा पहिला ठोकळा ३ जानेवारी २००९ रोजी घडला होता. मूळ बिटकॉइन प्रणालीत चावीच्या फाईलला परवलीचा शब्द लावण्याची सोय आली सप्टेंबर २०११ मध्ये. मधली अडीच वर्षे ही तिजोरी कडीकोयंड्यावाचून उघडीच होती, आणि तिच्या दारावर पाटी होती, ‘आपणच आपली बँक व्हा’.

३/
मित्रहो, आजचा थ्रेड या घोषणेविरुद्ध आहे. क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, हा आजचा विषय नाही. ज्याने त्याने आपल्या मिळकतीचे पाहावे. पण विशी-पंचविशीतल्या मुलांना ‘बँकांवर विसंबू नका, आपणच बँक व्हा’ असे सांगणारे लोक बँक म्हणजे काय आणि घरचा संगणक म्हणजे काय, या दोन्हींचा इतिहास दडवतात. अज्ञानाने दडवत असतील तर त्यांनी बोलू नये. जाणूनबुजून दडवत असतील तर त्याला दुसरे नाव आहे.

४/
आधी बँक पाहू. बँक म्हणजे संगमरवरी इमारत नव्हे. चोऱ्या, अफरातफरी आणि दिवाळी यांतून शहाणपण येऊन घट्ट झालेल्या सवयींचा तो संच आहे. तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. रोकड ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती नाही. वर तपासनीस, त्याच्या वर आणखी एक तपासनीस. यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बुडालेल्या पैशाने लिहिला गेला आहे.

५/
१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक कोसळली. त्या हादऱ्यानंतर संसदेने ठेव विम्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेवींना विमासंरक्षण मिळू लागले. आज ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. तुम्ही ‘आपली बँक’ होता तेव्हा हा कायदा तुम्हाला लागू होत नाही. ही तळटीप घोषणेच्या कोणत्याही भित्तिपत्रकावर मी वाचलेली नाही.

६/
आणखी मागे जाऊ. बँका नव्हत्या तेव्हाही आपल्याकडे पैसा शेकडो कोस प्रवास करत असे, तो हुंडीवरून. हुंडी म्हणजे एक कागदच, वाटेत गहाळ व्हायचा, चोरीला जायचा. सावकारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ मिळे, म्हणजे दुसरी प्रत. तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की कागद रद्द होऊन त्याचे ‘खोखा’ होई.

७/
त्याहून सुंदर रचना शाहजोग हुंडीची. ती वाटेल त्याच्या हाती वटत नसे. तिचे पैसे फक्त ‘शाहा’ला, म्हणजे पेठेत पत असलेल्या सावकारालाच मिळत. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. चोराच्या हाती कागद पडला तरी त्याला आधी एखादा पतवान माणूस आपल्या बाजूने उभा करावा लागे. चोरी होणारच, हे गृहीत धरून घडवलेली ही व्यवस्था होती. जुन्या पेठेतला अशिक्षित गुमास्तासुद्धा जे गृहीत धरत होता, ते आमचे संगणकतज्ज्ञ गृहीत धरायला तयार नाहीत, हा काळाचा विनोद म्हणायचा.

८/
बिटकॉइनला पेठ नाही, परपेठ नाही, शाहा नाही. ज्याच्या हाती चावी तो मालक. सही झाली, व्यवहार साखळीत गेला, की तो उलटवणारा दरबार कुठेही नाही. त्याच्या चाहत्यांना हाच गुण वाटतो आणि एका अर्थी तो आहेही. पण या गुणाची किंमत अशी, की संरक्षणाचा सगळा भार एका ठिकाणी येऊन पडतो. ते ठिकाण म्हणजे चावी जिथे ठेवली आहे ती जागा.

९/
पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअरच्या साहाय्याने या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बरीचशी रक्कम देशोदेशींच्या एटीएममधून काही तासांत काढली गेली, उरलेली हाँगकाँगकडे वळवली गेली. तोटा बँकेने सोसला, ठेवीदारांच्या खात्यांना झळ बसली नाही. पोलीस तपास झाला आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. आता हाच दरोडा तुमच्या ‘एकट्याच्या बँके’वर पडला अशी कल्पना करा. बँक तुम्हीच, ठेवीदार तुम्हीच, आणि उद्या पोलीस चौकीत ‘खासगी चावी म्हणजे काय’ हे समजावून सांगणारेही तुम्हीच.

१०/
बरे, ही एकट्याची बँक बसते कुठे? घरातल्या संगणकात. ज्यावर धाकटा भाऊ फुकटचा खेळ उतरवतो, बाबा वीजबिल भरतात, आणि कोणा नातेवाइकाने पाठवलेली लग्नपत्रिका उघडली जाते, त्याच संगणकात. या यंत्राचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर त्याला तिजोरी म्हणण्याचे धाडस होणार नाही.

११/
१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. त्यांनी त्यात आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! विषाणू लिहिणारा स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड जोडतो, इतका तो काळ भाबडा होता. हा भाबडेपणा तीन वर्षांत संपला.

१२/
डिसेंबर १९८९. अनेक देशांतील लोकांच्या टपालात एक फ्लॉपी येऊन पडली. अशा सुमारे २०,००० फ्लॉपी पाठवल्या गेल्या होत्या. काही एका संगणकविषयक नियतकालिकाच्या वर्गणीदारांना, काही जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक परिषदेला गेलेल्या प्रतिनिधींना. वर लिहिले होते, एड्सविषयी माहिती. त्या वर्षांत एड्सची भीती जगभर दाटलेली होती. संशोधकाने ती फ्लॉपी संगणकात घातली नसती तरच नवल.

१३/
आतली प्रश्नावली खरोखर चालत असे. तुम्हाला धोका किती, हे ती सांगे. दरम्यान ती संगणक किती वेळा सुरू झाला, हे मुकाट्याने मोजत राही. आकडा नव्वदच्या आसपास गेला, की फाईलींची नावे कूटलिपीत बदलत, फोल्डर दिसेनासे होत आणि पडद्यावर मागणी येई. ‘परवान्याचे’ १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवा. खंडणी मागणाऱ्या मालवेअरची परंपरा इथून सुरू होते.

१४/
मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती फ्लॉपीसोबतची चिठ्ठी. बारीक अक्षरांतल्या परवान्यात चक्क इशारा दिलेला होता, की पैसे भरले नाहीत तर ही आज्ञावली तुमच्या इतर आज्ञावलींवर परिणाम करील. चोराने खरे तेच लिहिले होते. कोणी वाचले नाही. आज आपण ‘मान्य आहे’ या बटणावर किती वाचून बोट ठेवतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

१५/
हे कृत्य जोसेफ पॉप या हार्वर्डमध्ये शिकलेल्या जीवशास्त्रज्ञाच्या नावावर नोंदले गेले. त्याला पकडण्यात आले, पण मानसिक अवस्थेमुळे ब्रिटनमध्ये तो खटल्यास अपात्र ठरला. त्याची योजना फसण्याची कारणे दोन. एक, त्याचे कूटलेखन कच्चे होते आणि त्यावर उतारा लवकर निघाला. दोन, पैसे घ्यायला पत्ता द्यावा लागला. चोराला दार तोडणे कधीच फार जड गेलेले नाही. त्याला जड जाते ते चोरीचा माल पचवणे.

१६/
पहिल्या अडचणीचे उत्तर १९९६ मध्ये आले. ॲडम यंग आणि मोती युंग या दोन संशोधकांनी एका शोधनिबंधात दाखवून दिले, की सार्वजनिक चावीचे कूटलेखन वापरून लिहिलेला विषाणू कोणालाही सोडवता न येणारी खंडणी मागू शकेल. त्यांचा हेतू सावध करण्याचा होता. दुसऱ्या अडचणीचे उत्तर यायला आणखी काही वर्षे लागली, आणि ते उत्तर आपल्या आजच्या विषयाचेच आहे.

१७/
सप्टेंबर २०१३ मध्ये ‘क्रिप्टोलॉकर’ आला. ईमेलला जोडलेल्या फाईलीतून शिरायचा, घरातले फोटो, हिशेब, प्रबंध असे सारे कूटबद्ध करायचा, आणि मुदतीच्या आत बिटकॉइनमध्ये पैसे मागायचा. यंग आणि युंग यांचे गणित आणि पनामाच्या टपालपेटीची जागा घेणारे चलन, ही दोन्ही आता एकत्र आली होती. ज्या गुणामुळे हे नाणे तुम्हाला स्वातंत्र्य वाटते, तोच गुण दरोडेखोराला सोयीचा वाटला. घोषणावाल्यांनी हे कधी सांगितले आहे का? त्यांच्या लाडक्या चलनाचा आणि घरगुती संगणकावरच्या दरोडेखोरीचा इतिहास एकमेकांत गुंफलेला आहे. एक सांगून दुसरा गाळणे म्हणजे पानिपत सांगताना रसद तुटल्याचे गाळण्यासारखे आहे.

१८/
इथे ठरलेला आक्षेप येतो. ‘जे मूर्ख असतात तेच फसतात. मी अनोळखी फाईल उघडतच नाही.’ हा अहंकार इतिहासाने अनेकदा खोटा पाडला आहे.

१९/
४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेले ‘आय लव्ह यू’ घ्या. ईमेलसोबत ‘लव्ह लेटर’ नावाची साधी मजकुराची फाईल दिसे. प्रत्यक्षात तिच्या नावाला शेवटी ‘व्हीबीएस’ हे शेपूट होते, म्हणजे ती चालणारी आज्ञावली होती. मग ते शेपूट दिसत का नव्हते? कारण विंडोज ओळखीच्या फाईलींची शेपटे मूळ मांडणीतच लपवत असे. पत्र तुमच्या ओळखीच्या माणसाकडून आलेले असे, कारण त्याच्या संगणकाने ते त्याच्या नकळत पाठवलेले असे. जगभर हसू झाले ते प्रेमाला भुकेलेल्या कारकुनांचे. ज्यांनी शेपूट लपवले त्यांच्याकडे बोट फारसे कोणी दाखवले नाही. आणि ही मूळ मांडणी आजही तशीच आहे. थ्रेड वाचून झाल्यावर फाईलींची पूर्ण नावे दाखवण्याची खूण आपल्या संगणकात आधी चालू करा. तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

२०/
‘वॉनाक्राय’ तर कोणी काही उघडण्याची वाटही पाहत नव्हता. १२ मे २०१७ रोजी तो विंडोजमधल्या एका त्रुटीतून आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला आणि दीडशेच्या आसपास देशांत पोहोचला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मागणी होती ३०० डॉलरची, अर्थात बिटकॉइनमध्ये. या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती दारात उभी होती आणि लोक तिला ‘नंतर आठवण करा’ म्हणत होते.

२१/
म्हणून संगणकाच्या सुरक्षा-दुरुस्त्या आल्या दिवशी घ्याव्यात, यात वादच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या नियमित मोफत दुरुस्त्या थांबल्या आहेत. मुदतवाढीची सोय घेतलेली नसेल, तर तशा संगणकावर क्रिप्टोचा व्यवहार करणे म्हणजे दरवाज्याची बिजागरी निखळलेली असताना कुलूप किती भारी आहे, याचे कौतुक करणे.

२२/
पण इतिहास इतका सरळ नसतो. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला तो युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट घेतले तेच आधी बुडाले. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे जगभरचे काम ठप्प झाले आणि त्याची झळ आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनललाही बसली. फितुरी ती हीच. तटाला शिडी लागलीच नाही, आतल्याच माणसाच्या हातून दार उघडले गेले.

२३/
‘माझ्याकडे अँटिव्हायरस आहे’ हे दुसरे समाधान. अँटिव्हायरसची मी टिंगल करणार नाही. पुण्यातल्या दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानातून काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले, हा मराठी उद्योगाच्या इतिहासातला अभिमानाचा धडा आहे. पण हे औषध मुख्यतः आधी पाहिलेल्या रोगावर चालते. नव्या रोगाचा पहिला रोगी कोणीतरी असतोच. तो आपण नसू, हा भरवसा कोण देणार?

२४/
शिवाय आजच्या मालवेअरला तुमचा संगणक बिघडवायचाच नसतो. ‘रेडलाइन’सारख्या माहितीचोर आज्ञावली येतात, ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द, चालू असलेल्या लॉगिनच्या खुणा आणि क्रिप्टो पाकिटाच्या फाईली उचलतात, आणि निघून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने रेडलाइनचे जाळे तोडले. असल्या मालाचा आवडता वाहक कोणता, तर ‘क्रॅक’ केलेले फुकटचे सॉफ्टवेअर. पाच हजारांचे सॉफ्टवेअर फुकट मिळवून लाखाच्या चाव्या देऊन टाकण्याचा हा सौदा आमची हुशार मुले रोज करतात. आणि हीच मुले बँकेच्या व्याजदरावर तावातावाने बोलतात.

२५/
आणखी एक प्रकार, इतका साधा की ऐकून राग यावा. क्रिप्टोचा पत्ता म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. ती कोणी हाताने लिहीत नाही, कॉपी करून चिकटवतो. २०१७ मध्ये कॅस्परस्कीने ‘क्रिप्टोशफलर’ उघडकीस आणला. तो संगणकात गप्प बसून असे. तुम्ही पत्ता कॉपी केला, की चिकटवण्याच्या क्षणी त्याच्या जागी चोराचा पत्ता ठेवी. पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या परवलीच्या शब्दाने, चोराला पाठवायचे. सही तुमची, शिक्का तुमचा. तक्रार कोणाविरुद्ध करणार?

२६/
‘मी बारा शब्दांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवलाय, संगणकाचा प्रश्नच नाही,’ असे मला एका तरुणाने मोठ्या समाधानाने सांगितले होते. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चावी पुन्हा उभी करता यावी म्हणून २०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतून बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. ते शब्द ज्याच्याकडे, नाणी त्याची.) फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्पार्ककॅट’ उघडकीस आला. हे मालवेअर अधिकृत ॲप-दुकानांतील ॲपमध्ये दडून फोनमधल्या फोटोंतला मजकूर वाचत असे आणि नेमके हेच शब्द शोधत असे. त्या तरुणाला मी ती बातमी पाठवली. त्याने अंगठा दाखवला. फोटो पुसला की नाही, ते अजून कळलेले नाही.

२७/
आता प्रतिपक्षाचे खरे बळ कुठे आहे, तेही मान्य केले पाहिजे. ते म्हणतील, मग काय नाणी एक्स्चेंजकडे ठेवायची? फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोचे माउंट गॉक्स बुडाले तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन बेपत्ता झाल्याचे सांगण्यात आले. पुढे त्यांतले २,००,००० सापडले, पण लोकांची वर्षे न्यायालयात गेली. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सकडील २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता चोरीला गेली आणि त्यात अनेक मराठी घरांतली बचत अडकली. ‘चावी तुमची नाही तर नाणी तुमची नाहीत’ हे वाक्य या जखमांतून आले आहे. मी त्याला खोटे म्हणत नाही. मी त्याला अर्धे म्हणतो.

२८/
कारण वझीरएक्समध्ये काय झाले, ते पाहा. तिथे अनेक सह्यांची पद्धत होती, म्हणजे आपल्या दोन चाव्यांचीच आधुनिक आवृत्ती. कंपनीच्या निवेदनानुसार पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळे होते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हाही हेच. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, कारण त्यांना पाकीट पुरवणाऱ्या संस्थेच्या एका विकसकाचा संगणक आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता. अमेरिकेच्या एफबीआयने हे कृत्य उत्तर कोरियाचे असल्याचे जाहीर केले. एवढ्या अफाट चोरीची वाट शेवटी एका माणसाच्या संगणकातूनच गेली. या दोन्ही ठिकाणी बिटकॉइनचे किंवा इथरचे गणित कोणी मोडलेले नाही. सही करणारा हात आणि त्याचे डोळे यांच्यामध्ये चोर उभा राहिला.

२९/
म्हणून प्रश्न ‘बँक की स्वतः’ असा नाहीच. प्रश्न असा आहे, की चावी आणि इंटरनेटला जोडलेले सर्वकामी यंत्र एकत्र का ठेवायचे? आपल्या पणजोबांना हे कळत होते. कमरेच्या कशात बाजारापुरते, आणि उरलेले पुरलेल्या हंड्यात. हंडा घेऊन कोणी बाजारात जात नसे. फोनमधल्या पाकिटात तेवढेच ठेवा, जे हरवले तर एक संध्याकाळ वाईट जाईल, वर्ष नाही. उरलेल्याची चावी अशा छोट्या स्वतंत्र उपकरणात ठेवा, जे सही आतल्या आत करते आणि चावी संगणकाला कधीच दाखवत नाही. अशी उपकरणे २०१४ पासून बाजारात आहेत. ते उपकरण निर्मात्याकडूनच घ्या, स्वस्तात कोणाचे वापरलेले नको.

३०/
पत्ता ताडायचा तो त्या उपकरणाच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर, संगणकाच्या पडद्यावर नव्हे. आणि पूर्ण ताडायचा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे जुळणारे बनावट पत्ते चोर मुद्दाम घडवतात. मोठी रक्कम पाठवण्याआधी एक क्षुल्लक रक्कम पाठवून ती पोहोचली का, ते पाहायचे. उपकरणाला समजत नाही अशा मजकुरावर सही करायची नाही, समोर कितीही घाई दाखवली तरी.

३१/
बारा शब्द कागदावर, पेनने. फोटो नाही, ईमेल नाही, क्लाउड नाही, आणि कोणत्याही संकेतस्थळावर टंकायचे तर मुळीच नाही. ते शब्द मागणारा ‘मदतकक्ष’ हा चोरच असतो, याला अपवाद नाही. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी विश्वासाच्या ठिकाणी. आणि पैसे भरण्याआधी त्या शब्दांवरून चावी खरोखर परत उभी राहते का, हे एकदा करून पाहायचे. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या कचराडेपोत २०१३ पासून हजारो बिटकॉइनची चावी असलेली एक हार्डडिस्क गाडली गेली आहे, असे तिचा मालक वर्षानुवर्षे सांगत आहे. तिथे चोर नव्हता, मालवेअर नव्हते. फक्त परपेठ नव्हती.

३२/
सॉफ्टवेअर उतरवताना त्याची सही तपासा. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला की ‘मर्यादे’ची मोर्तब असे, ती पत्राच्या तळाशी कोणी चार ओळी वाढवू नयेत म्हणून. संगणकातील सही-पडताळणी तेच काम करते. फाईल निघाली तशीच पोहोचली का, मधल्यामध्ये कोणी ओळी घुसडल्या का, हे ती सांगते. (नॉटपेट्याप्रमाणे मुद्रा ठेवणाराच फितला तर ती सांगत नाही, म्हणूनच चावी वेगळी ठेवायची.) आणि पाकिटाचे अपडेट शोधयंत्रात वर दिसलेल्या जाहिरातीवरून कधीही घ्यायचे नाही.

३३/
घरच्या संगणकाचे उरलेले थोडक्यात. रोजच्या वापराचे खाते प्रशासकीय अधिकारांचे नसावे. घरातल्या मुलांसाठी वेगळे खाते, आणि जमल्यास वेगळा संगणकच. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत अशा डिस्कवर, जी काम झाल्यावर तारेपासून सुटी केली जाते. जोडून ठेवलेली डिस्क क्रिप्टोलॉकरचे वंशज मूळ फाईलींसोबतच गिळतात. ईमेलला आणि एक्स्चेंजला दुसरा पडताळा लावावा, शक्यतो एसएमएसवर न विसंबणारा.

३४/
आणि हंड्याचा एक जुना रोग विसरू नका. पुरणारा अचानक गेला, की जागा कोणालाच ठाऊक नसे. गावोगावी पुरलेल्या धनाच्या ज्या कथा आहेत, त्यांत भुताचा भाग सोडला तर उरतो तो हाच प्रकार. तुमच्यामागे आई, बहीण, पत्नी यांपैकी कोणाला काय शोधायचे आणि कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे एका पाकिटात लिहून ठेवा. शब्द त्यात नकोत, वाट असू द्या.

३५/
‘एवढा खटाटोप करायचा तर नाणी घ्यायचीच कशाला?’ हा प्रश्न आता काहींच्या मनात आला असेल. योग्य प्रश्न आहे. घोषणा देणाऱ्याने तो तुमच्या मनात आधीच येऊ द्यायला हवा होता. बँक चालवायला काय लागते, हे न सांगता बँकेचा फलक विकणे याला व्यापारात एक जुना शब्द आहे. तो इथे लिहीत नाही, आमच्या पानावर शाळकरी वाचकही आहेत.

३६/
प्रतिवाद जरूर करा, पण सन आणि घटनेसह करा. ‘माझ्या मित्राचे काही झाले नाही’ हा पुरावा धरला जाणार नाही. हुंडीच्या पेठ-परपेठ पद्धतीबद्दल अधिक लिहा, असे काहींनी मागेच कळवले होते. पुढचा थ्रेड त्यावर, बहुधा येत्या रविवारी.